पाटकऱ्याच्या घरची गळती

मुबशिरानं ते गोळ्यांचं पाकीट खिडकीच्या उजेडाकडं धरलं आणि सारजाचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. पाकीट काही सारजाचं नव्हतं, कळसच्या फुलाबाईंच्या पिशवीतून निघालं होतं. दवाखान्याचा नवा नियमच होता तसा. किडनीच्या बुधवारी येताना पेशंटची झाडून सगळी औषधं पिशवीत घालून आणायची, आणि या महिन्यातच औषधांच्या कामाला लागलेली इंदापूरची ही पोरगी ती पिशवी टेबलावर उलटी करून एकेक वस्तू उचलायची आणि विचारायची, "हे कोण देतं?" काय घेता, असं ती विचारायची नाही. माणसं काय घेतात ते विसरतात, कुणी दिलं ते विसरत नाहीत, असं तिचं म्हणणं. फुलाबाई म्हणाल्या, "ती पिवळी व्हय? ती कंबरंची. भावजयीनं दिली. लई गुणाची हाय." मुबशिरा हसली नाही, रागावलीही नाही. "मावशी, ही कंबर राखते आणि किडनी खाते," ती म्हणाली. "चार दिवस घेतली तर एक वेळ चाललं असतं. रोजची झाली की आतली गाळणीच खराब करते. ज्याची किडनी आधीच अधू, त्याला तर विषच." आणि तिनं ते पाकीट बाजूच्या निळ्या डब्यात टाकलं. आवाज तो केवढा, चिठ्ठी पडल्याएवढा. पण दोन हात लांब बाकावर बसलेल्या सारजाला वाटलं, अख्ख्या दवाखान्यानं तो ऐकला असणार. तशीच पिवळी गोळी, मधोमध तशीच रेघ, मागं तसाच चंदेरी कागद. त्यातल्या चार गोळ्या या घटकेला सारजाच्या कमरेच्या पिशवीत, चुन्याच्या डबीशेजारी होत्या. आणि गेल्या चार वर्षांतल्या कितीतरी गोळ्या तिच्या शेजारी बसून पेपरातले बाजारभाव वाचणाऱ्या रावजींच्या पोटात गेल्या होत्या. नवऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण सारजानं जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली होती. चार वर्षांपूर्वी रावजींचे गुडघे धरले. इतके, की सकाळी परसातून आत यायला त्यांना भिंतीचा आधार लागे, आणि उंबरा ओलांडताना ते असे काही कण्हत की सारजाच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडे. पण गोळीचं नाव काढायची सोय नव्हती. "गोळ्या खायला म्या काय म्हातारा झालो व्हय?" हे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. मंडईत सारजाच्या ओळीला बसणाऱ्या बायका मात्र गोळ्या तंबाखूसारख्या वाटून खायच्या. दिवसभर पोत्यावर मांडी घालून बसायचं, माळव्याच्या पाट्या उचलायच्या, मग कुणाचा गुडघा, कुणाची पाठ. जिला जी गोळी लागू पडली तिनं तीच दुसरीच्या तळहातावर ठेवायची. मला गुण आला, तू बी घे. चुना मागावा इतक्या सहजपणे गोळी मागायची, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सारजाला ती पिवळी लागू पडली होती. मग एका सकाळी तिनं एक गोळी दोन चमच्यांत दाबून भुकटी केली आणि रावजींच्या चहात टाकली. कडूपणा कळू नये म्हणून गवती चहाची पात जास्त घातली, गुळाचा खडा जरा मोठा टाकला. "आज च्या फक्कड झालाय," रावजी म्हणाले. चौथ्या दिवशी ते भिंत न धरता आत आले. महिन्याभरात कालव्याच्या भरावावरून दोन मैल जाऊन येऊ लागले, आणि कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगू लागले की गुडघ्यावर औषध एकच, पाटावरची चाल. सारजा आतून ऐकायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. त्या हसण्याची आठवण आता तिला बसल्या जागी भाजत होती. किती सुख वाटलं होतं तेव्हा. माणसाला बरं केल्याचं सुख, वर त्याला कळू दिलं नाही याचंही सुख. आणि असं रोज सकाळी, गॅससमोर, एकटीनं.

बरं, चोरी पकडणं हा तर रावजींचा जन्माचा धंदा. एकतीस वर्षं ते नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं ते बघणारे. अंथुर्ण्याजवळच्या चौकीत सारजाचा अर्धा संसार झाला. दाराशी कालवा, कालव्यात रोवलेली मोजपट्टी. रावजी त्या पट्टीकडं नुसतं बघून सांगत की वरच्या अंगाला कुणीतरी शेताकडं जाणाऱ्या चारीचं लोखंडी गेट पाळी नसताना उचललंय. पट्टीवर चार बोटं पाणी कमी म्हणजे चोर दोन मैलांच्या आत. की निघाले सायकलवर टांग टाकून. पकडला की वहीत लिहिला; तिथं ना नातं ना गोतं. सारजाचा सख्खा धाकटा भाऊ बबन, त्याच्या पेरूच्या बागेत चोरून पाणी शिरताना दिसलं, तर त्यालाही लिहिला. बबन दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही. दोन वर्षं सारजानं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. रावजींनी ते पाहिलं, मान खाली घालून जेवले, पण लिहिलेलं खोडलं नाही. "टोकाला बसल्याल्या शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी व्हतं ते," एवढंच म्हणाले. फक्त एकदा सारजानं वेगळं पाहिलं. अंथुर्ण्याचा इब्राहिम मुलाणी एका सकाळी चौकीच्या दारात येऊन उभा राहिला, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. म्हणाला, "रावजीभाऊ, गेट म्या उचललं. रोपं माना टाकाय लागली, राहवलं न्हाय." रावजींनी त्याला दोनच प्रश्न विचारले. किती? कवापासनं? इब्राहिमनं सांगितलं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी सारजा जागची हलली नाही. मग रावजी म्हणाले, "गेट पाड अन् घरी जा." वही उघडलीच नाही. सारजाला तेव्हा भावासाठी फार राग आला होता. बबन पकडला गेला होता आणि इब्राहिम आपल्या पायांनी चालत आला होता, हा फरक इतक्या वर्षांनी दवाखान्याच्या बाकावर तिच्या ध्यानात आला, आणि ध्यानात येऊन काही बरं वाटलं नाही. इब्राहिमनं एक दिवस गेट उचललं होतं. तिनं चार वर्षं.

"काय गं, घाम का आलाय?" रावजींनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. "कुठं काय. उकडतंय," सारजा म्हणाली. डोक्यावर पंखा गरगरत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिनं कमरेच्या पिशवीवरून हात फिरवला. पाकिटाचा कोपरा कापडातून बोटाला टोचला. ती मनात दिवस मोजू लागली, आणि मोजता मोजता दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाशी येऊन थांबली, ज्या दिवशी रावजींचे पाय सुजले आणि रक्त तपासल्यावर कळलं की त्यांच्या किडनीला शंभरात एकतीसच गुण पडताहेत. मग चोवीस झाले, आणि आता अठरा. पस्तिसाला पास, एवढं सारजालाही ठाऊक होतं. आधी ते दुसरीकडं जात तेव्हा एकानं सांगावं पाणी भरपूर प्या, दुसऱ्यानं सांगावं मोजून प्या. एक म्हणे डाळ खा, दुसरा म्हणे डाळीला शिवू नका. पाच खोल्यांत पाच तोंडं आणि घरी येऊन भांडण नवराबायकोचं. बारामतीतल्या या धर्मादाय दवाखान्यात तसं नव्हतं. पुण्याहून डॉक्टर येत त्या बुधवारी ते स्वतः, दिपाली सिस्टर, आहाराचं सांगणारी स्वराली आणि औषधांचं बघणारी व्यक्ती असे सगळे एकाच गोल टेबलाभोवती बसत, आणि पेशंट आणि त्याचं घरचं माणूसही त्याच टेबलाशी. पाळीपाळीनं बोलायचं, एकाचं चाललं असता दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही, आणि शेवटची पाळी घरच्या माणसाची. रावजी पहिल्याच दिवशी खूश झाले होते. "हे कालव्याच्या आवर्तनावाणी हाय," ते म्हणाले होते. "आमाला कवाच कळलं व्हतं, डॉक्टर लोकांना आत्ता कळाया लागलंय." सारजाची तक्रार होती ती एकट्या स्वरालीबद्दल. पालक, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातला किडनीला न झेपणारा क्षार निघून जातो, असं ती चोवीस वर्षांची पोर तीस वर्षं माळवं विकणाऱ्या सारजाला शिकवत होती. "अन् मग खायाचं काय, चोथा?" सारजानं विचारलं होतं. पण केलं तिनं सगळं. मीठ चिमटीनं टाकायची सवय सोडून चमच्यानं मोजलं. पाणी बाटलीनं मोजलं, त्यात ताक आणि आमटीही धरली. रक्तदाब ताब्यात आला, साखर ताब्यात आली, आणि गुण उतरतच राहिले. दुखण्याच्या गोळ्या घेता का, असं टेबलावर विचारलंही होतं, पण रावजींना, आणि रावजींनी छाती काढून त्यांच्या लेखी खरं तेच सांगितलं होतं, "जल्मात न्हाय." सारजानं त्यावर मान डोलावली होती. तिच्या मनात ती गोळी औषध नव्हतीच, चहातला गूळ होती. गेल्या खेपेला डॉक्टर कागद उलटसुलट करत राहिले तेव्हा रावजीच त्यांना म्हणाले होते, "डॉक्टर, मोजमाप जुळंना झालंय. गळती हाय कुठंतरी." सगळे हसले, सारजाही हसली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखी गोळी दोन चमच्यांत धरली.

"आबा, मावशी, या आत," दिपाली सिस्टरनं हाक मारली. सारजा उठली तशी गुडघ्यातून कळ निघून मांडीत गेली, पण आज तिला त्या कळेचंही काही वाटलं नाही. टेबलाशी बसल्यावर आवाज तिच्यापर्यंत दुसऱ्या खोलीतून यावेत तसे येऊ लागले. स्वराली काहीतरी म्हणाली, चांगलंच म्हणाली. मुबशिरानं रावजींची पिशवी तपासली होती, त्यात वावगं काही नव्हतं. आणि मग डॉक्टरांची पाळी आली. ते सरळ माणूस होते, गोड बोलून वेळ काढत नसत. "आबा, अठरावर आलोय. हे पंधराच्या खाली गेलं तर डायलिसिसची तयारी असलेली बरी. त्यासाठी डाव्या हातातल्या दोन नसा जोडाव्या लागतात आणि तो हात तयार व्हायला दोन-तीन महिने जातात. म्हणून येत्या गुरुवारी ते छोटं ऑपरेशन करून घेऊ. कारण सापडत असतं तर थांबलो असतो. कारण सापडत नाहीये." रावजींनी मान हलवली. पाळीचा निर्णय ऐकून शेतकरी मान हलवायचे तशीच. मग दिपाली सिस्टर म्हणाली, "आता मावशींची पाळी. काही सांगायचंय?" सारजानं तोंड उघडलं. "न्हाय," ती म्हणाली. "माझं काय न्हाय."

माणसाचं मन किती चलाख असतं, तेवढ्या वेळात तिनं सगळा हिशोब बसवूनही टाकला. आजपासून गोळी बंद. चार गोळ्या आहेत त्या बाहेरच्या गटारात. कुणाला काय कळतंय? गुण आपोआप चढतील, डॉक्टरांना यश येईल, रावजी पुन्हा कट्ट्यावर बढाया मारतील, आणि ती माहेरी नरसिंहपूरला जाऊन नरसिंहाच्या पायाशी नारळ ठेवील, तिथं मनातल्या मनात काय ते बोलून टाकील. देवाला सांगणं सोपं, तो उलटून विचारत नाही. सगळं बसत होतं. फक्त गुरुवार बसत नव्हता. गोळी बंद केली म्हणून गुरुवार थोडाच बंद होणार होता? सिस्टरनं एक निळा पट्टा काढला आणि रावजींच्या डाव्या मनगटावर बांधला. "आबा, हा हात आता जपायचा. यात सुई टोचू द्यायची नाही, रक्तदाब मोजू द्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही." रावजींनी हात टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडं दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत राहिले. "ह्याच हातानं गेट फिरवायचो," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. मग जरा लाजत, "सिस्टर, सायकल धरता यील का?" त्या प्रश्नानं सारजाचं सगळं बसवलेलं कोसळलं. हा माणूस हात कापायला देत होता आणि वर सायकलची परवानगी मागत होता. मनगटावरचे केस कधी पांढरे झाले ते तिनं पाहिलंच नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि शेत बिचारं कुंपणाला टेकून बसलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "गळती माझ्याकडनं हाय." तिनं कमरेची पिशवी सोडली. चुन्याची डबी खाली पडून घरंगळत गेली, ती कुणी उचलली नाही. चार गोळ्यांचं पाकीट तिनं टेबलाच्या मधोमध ठेवलं. "ही. ह्यांच्या च्यात टाकत व्हते. ह्यांना ठावं न्हाय. ह्यांचा काय दोष न्हाय." कुणी ओरडलं नाही. स्वरालीनं तोंडावर हात नेला आणि परत खाली घेतला. डॉक्टरांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. सारजा कुणाकडंच बघत नव्हती. तिचं सगळं अंग उजव्या बाजूला, रावजी बसले होते तिकडं कान देऊन बसलं होतं.

"किती?" रावजींनी विचारलं.

"रोज एक."

"कवापासनं?"

"चार वर्सं. तुमी भिंत धरून चालाय लागला व्हता तवापासनं."

पुढचं वाक्य आलं नाही. सारजा वाट बघत राहिली. भावाच्या वेळचं वाक्य येतं की इब्राहिमच्या वेळचं, एवढंच आता तिच्या आयुष्यात शिल्लक होतं, आणि रावजी टेबलावरच्या पाकिटाकडं बघत गप्प होते. तेवढ्यात मुबशिरानं पाळी नसताना तोंड घातलं. "मावशी, आणि तुम्ही स्वतः किती घेता?" सारजाला कळेना. "माझं कशाला? पेशंट हे हायती." "तरी सांगा." "दोन," सारजा म्हणाली. "बाजाराच्या दिशी तीन. बसल्याजागचं उठवत न्हाय मग." तेव्हा रावजींची मान वळली. मोजपट्टीवरची चार बोटं दोन मैलांवरून ओळखणारा तो माणूस पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडं असं बघत होता, जसं काही ती आत्ताच खोलीत आली असावी. "एवढं दुखतं व्हय तुझं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न सारजाला आजवर कुणी विचारलाच नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "गुरुवार रद्द. पट्टा राहू दे, हात जपलेला बरा. सहा आठवडे थांबू आणि परत रक्त बघू. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण कारण सापडलं. ते तुम्ही सांगितलंत म्हणून सापडलं." ते कौतुक सारजाच्या अंगाला लागलं नाही. दिपाली सिस्टरनं तिला हाताला धरून रक्त द्यायला नेलं, आणि दुखण्यावर दुसरं काय करता येतं ते दोघांना एकत्र दाखवलं: वरून लावायचं मलम, गरम पाण्याची पिशवी, आणि खुर्चीत बसून पाय सरळ धरायचा, दहा अंक मोजायचे. मग एका नव्या कार्डावर तिचंही नाव लिहिलं. रावजींचं कार्ड पिवळं होतं, तिचं हिरवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाला जाग आली तर रावजी गॅससमोर उभे. "आजपासनं च्या म्या करणार," एवढं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. ते वाक्य सारजाच्या उरात जे रुतलं ते रुतलंच. बरोबरच होतं म्हणा. जिनं चार वर्षं चहात कालवलं तिच्या हातचा चहा कोण पिणार? रावजींचा चहा भयंकर होता. पत्ती इतकी उकळलेली की जीभ आखडावी, आणि गवती चहाची पात तर ते गवत उपटून टाकल्यासारखी दाराबाहेर टाकत. सारजानं तो चहा रोज घोटाघोटानं संपवला, तळाची पत्तीसुद्धा कपात राहू दिली नाही. शिक्षा म्हणून आणखी कडू असता तरी तिनं घेतला असता. बाकी रावजी वाईट वागले नाहीत. उलट, वाईट वागले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. त्यांचे गुडघे पुन्हा धरले. भिंतीवर जुना हाताचा डाग होता तिथंच त्यांचा हात पुन्हा टेकू लागला. दुपारी दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ते व्यायामाला बसत. रावजी दोघांचे अंक मोठ्यानं मोजत, आणि सारजाचा पाय सहावर खाली आला तर पुन्हा एकपासून. दर सोमवारी दिपाली सिस्टरचा फोन येई. सुजेचं विचारी, वजनाचं विचारी, आणि मग, "मावशी कशा आहेत?" मंडईत सारजानं ओळीतल्या बायकांच्या तळहातावरच्या गोळ्या हटकायला सुरुवात केली. "आली डॉक्टरीणबाई," म्हणून त्या हसल्या. सारजानंही हसून घेतलं, आणि मग एकेकीला शेजारी बसवून, आवाज खाली करून, आपल्या चहाची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, काही लपवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोघी आपापली पिशवी घेऊन बुधवारी दवाखान्यात गेल्या. हे सगळं होत होतं, दिवस बरे जात होते, रावजींच्या तोंडाला थोडी चवही आली होती, पण ते एक वाक्य काही येत नव्हतं. कधी जेवताना ते घास हातात धरून थांबत आणि सारजा वाढायची थांबे, मग ते म्हणत, "आमटीत पाणी किती धरलंस?" आणि जेवू लागत.

सहा आठवड्यांनी त्याच टेबलाभोवती तेच सगळे बसले. या वेळी पिशव्या दोन होत्या. मुबशिरानं दोन्ही उलट्या केल्या, एकेक वस्तू उचलून "हे कोण देतं?" विचारलं, आणि मलमाच्या नळीशी आल्यावर सारजा रावजींकडं आणि रावजी सारजाकडं बोट दाखवू लागले तेव्हा पहिल्यांदा हसली. डॉक्टरांनी कागद फिरवून दोघांसमोर ठेवला. "तेवीस," ते म्हणाले. स्वरालीनं टाळी वाजवली. "पस्तीस न्हाईत," सारजा म्हणाली. तिला एकदम भीतीच वाटली आनंद करायची. "नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पस्तीस बहुतेक कधीच होणार नाहीत. पण दोन वर्षांत पहिल्यांदा आकडा चढलाय. आता ऑपरेशनची घाई नाही. हे असंच सांभाळलं तर बरीच वर्षं घाई नसेल." मग त्यांनी दुसरा कागद काढला, हिरव्या कार्डाचा. "आणि तुमची किडनी ठीक आहे, मावशी. वेळेवर थांबलात." सारजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. रावजींनी मोठा श्वास सोडला तो तिला ऐकू आला. स्वतःच्या तेविसाला त्यांनी तो सोडला नव्हता.

"आता मावशींची पाळी," दिपाली सिस्टर म्हणाली.

मागच्या खेपेचं "काय न्हाय" सारजाच्या जिभेवर आलं होतं. पण टोकाला बसलेल्याची पाळी एकदा गेली की परत पुढच्या आवर्तनाला. "हाय," ती म्हणाली. "माझं हाय. ह्यांना इचारा, ह्यांनी मला लिवलं का?" टेबलाभोवतीच्या कुणालाच काही उमगलं नाही. डॉक्टर कागद चाळू लागले, कुठं काय लिहायचं राहिलं म्हणून. रावजींना मात्र उमगलं. ते मनगटावरचा निळा पट्टा गोल गोल फिरवत बसले.

"च्या उद्यापासनं तू कर," ते शेवटी म्हणाले. "माझा मलाच पिववत न्हाय."

"अन् इतके दिस?"

"इतके दिस काय? सकाळच्या पारी तुझा गुडघा आखडलेला असतो. लगेच उभं राहाय लागू नये म्हणून करत व्हतो. अन् तू पत्तीसकट पीत व्हतीस, मला वाटलं ब्येस जमलाय."

स्वराली हसू आवरेना म्हणून खाली बघू लागली. सारजाला हसू आणि रडू एकदमच आलं आणि कोणतं आधी बाहेर पडलं ते तिचं तिलाही कळलं नाही. सहा आठवडे ती ज्याला शिक्षा समजून घोटाघोटानं पीत होती, ते हे होतं. रावजी टेबलाला रेटा देऊन उठले. पट्ट्याचा हात त्यांनी जपून पोटाशी धरला आणि उजवा तिच्यापुढं केला. सारजानं तो धरला आणि कळ सोसत उठली.

"गेट पाडलंस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"पाडलं."

"मग घरी चल."